व्हर्नाचा जबाब

चर्चमधून घरी पोचेपर्यंत लिंटननं ते पत्र तीनदा कोटाच्या खिशातून काढलं आणि तीनदा परत ठेवलं. हँड्सवर्थ वस्तीतल्या प्रत्येक लाल दिव्याला त्याचा हात खिशाकडे जायचा. एरवी दुसऱ्यांना गाडी शिकवून पोट भरणारा हा माणूस आज दोनदा चुकीच्या गियरमध्ये निघाला, तरी शेजारी बसलेली त्याची बहीण व्हर्ना खिडकीबाहेर बघत राहिली.

"वाचतेस का?"

"शुक्रवारी फोनवर तूच वाचून दाखवलंस की."

"छापील बघितलं की वेगळं वाटतं. घे."

"जेवल्यावर."

"उद्या तू त्या खुर्चीत बसणार. प्रसूती विभागाची प्रमुख. बसल्या बसल्या पहिलं काम हेच कर. त्या बाईला पुन्हा कुठल्या बाळंतिणीजवळ उभं राहू द्यायचं नाही."

मागच्या सीटवर त्यांची आई होती. त्र्याऐंशी वर्षांच्या यूलाली लिबर्डनं मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली होती आणि डोक्यावरची जांभळी हॅट गाडीच्या छताला लागू नये म्हणून मान किंचित तिरकी ठेवली होती.

"लिंटन, आज पोरीचा बाप्तिस्मा झालाय," ती म्हणाली. "इस्पितळ उद्याही तिथंच असेल."

"मम्मा, मी फक्त म्हणतोय..."

"तू म्हणू नकोस. तू गाडी चालव."

जुलैमधल्या एका रविवारी लिंटनच्या लेकीचं, केझायाचं, सिझेरियन झालं होतं, सकाळी पावणेअकराला. मुलगी ठणठणीत. दुपारी एकनंतर केझायाच्या पोटात दुखायला लागलं आणि पावणेतीनच्या आत तिला पुन्हा ऑपरेशनला न्यावं लागलं. पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं. जीव वाचला, गर्भाशय गेलं. एकतीस वर्षांची पोर, शाळेत गणित शिकवणारी, चार मुलं हवीत म्हणून लग्नाआधीपासून ओरिनशी हुज्जत घालणारी. आता ही एकच.

इस्पितळाच्या चौकशीनं साडेतीन महिने घेतले. निष्कर्ष लिंटनच्या खिशात होता. रुग्णाची खालावणारी स्थिती ड्यूटीवरच्या नर्सनं पुरेशा स्पष्टपणे वरिष्ठांच्या कानावर घातली नाही. नर्सचं नाव रुफारो चिकोरे. तिचं प्रकरण परवाना देणाऱ्या मंडळाकडे पाठवण्यात आलं आहे. खाली चार ओळी सहानुभूतीच्या.

त्या दिवशी वॉर्डची शिफ्ट इन्चार्ज व्हर्ना होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. नात्यातलं माणूस म्हणून नियमानं तिनं भाचीच्या खोलीपासून लांब राहायचं होतं, तेही माहीत होतं. कोणी कधी बोललं नव्हतं ते एवढंच, की दोन वाजायच्या आत रुफारो तिच्याकडे आली होती.

लिंटनच्या घरी लवंगांचा वास फाटकापर्यंत आला होता. त्याची बायको ग्लेनिस सकाळी चर्चला न येता स्वयंपाकात उभी राहिली होती. बोकडाचा पातळ रस्सा, त्यांच्या मूळच्या नेव्हिस बेटावर लग्नाला आणि मयताला करतात तसा, मोठ्या पातेल्यात रटरटत होता. भात-वाटाणे झाले होते, मॅकरोनी ओव्हनमध्ये होती, आणि दोन केक झाकून ठेवले होते. एकावर बाळाचं नाव, नेओमी. दुसऱ्यावर 'व्हर्ना, अभिनंदन'.

"दुसरा कशाला?" व्हर्ना म्हणाली.

"कशाला म्हणजे? एकतीस वर्षं राबलीस त्या वॉर्डात. आम्ही नाही करायचं तर कोणी? बाजूला हो, कोट काढ, चेहरा हसरा कर. पोस्टरवर करतेस तसा."

पोस्टरवरून घरात कायम चेष्टा चालायची. इस्पितळाच्या लिफ्टशेजारी व्हर्नाचा पुरुषभर उंचीचा फोटो होता आणि खाली 'इथे सर्व समान' असं लिहिलं होतं. बाहेरच्या खोलीत केझायाचा नवरा ओरिन चर्चहून आलेल्या दोघा पाहुण्यांना तेच सांगत होता. "बायको तिथं असताना मी रोज लिफ्टची वाट बघत उभा राहायचो आणि आंटींना गुड मॉर्निंग करायचो. लिफ्ट काही यायची नाही, पण आंटी हसायच्या थांबत नव्हत्या." पाहुणे हसले. केझायाही हसली, पण व्हर्नाकडे न बघता. ती सोफ्यावर बाळाला घेऊन बसली होती, मांडीखाली उशी, पाठीमागे उशी. अजून तिला सरळ बसवत नव्हतं.

"केझाया, देतेस का जरा तिला?" व्हर्नानं हात पुढे केले.

"आत्ताच झोपलीय, आंटी. नंतर घे."

हे 'नंतर' साडेतीन महिने चालू होतं. व्हर्नानं हात मागे घेतले, नसलेली सुरकुती झटकल्यासारखा ड्रेस झटकला आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेली. तिथून मागच्या अंगणात गेली, परत आली, ओव्हन उघडून बघितला. ग्लेनिसनं तिच्या हातातून फडकं काढून घेतलं.

"तू मला चक्कर आणशील. मी पाहुण्यांना सरबत देते. तू मम्माजवळ बस."

यूलाली स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसली होती. हॅट अजून डोक्यावरच होती. व्हर्ना समोर बसली, उठली, दार लावून घेतलं आणि पुन्हा बसली.

"मम्मा, ती पोरगी माझ्याकडे आली होती."

"कोण?"

"रुफारो. त्या दिवशी. दोनदा डॉक्टरला फोन करून झाल्यावर. मला म्हणाली, सिस्टर, नाडी एकशेवीसवर गेलीय, प्रेशर उतरतंय, डॉक्टर येत नाहीत, तुम्ही बोला."

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं नाही. पर्सची कडी एकदा उघडली आणि लावली.

"कागदावर आहे?"

"तिच्या जबाबात आहे. माझ्या नाही."

"तुझ्या जबाबात काय आहे?"

"मी दुसऱ्या बाळंतिणीजवळ होते."

"होतीस?"

"त्याच्या आधी होते. नंतरही होते."

बाहेर ओरिन पुन्हा काहीतरी बोलला आणि पुन्हा हशा उठला. यूलालीनं खुर्ची पुढे ओढली. मग खालच्या आवाजात बोलायला लागली, वॉर्डात रुग्ण झोपलेले असताना बोलतात तशी.

"मी एकोणीस वर्षांची असताना नेव्हिसहून इथं आले. तीन वर्षांच्या कोर्सचं बोलावणं होतं. आल्यावर सही दोन वर्षांच्या दुय्यम कोर्सवर घेतली. म्हणाले, सगळं सारखंच आहे. गोऱ्या मुलींना एक बिल्ला, आम्हाला दुसरा. चार वर्षांनी कळलं, की तो दुसरा बिल्ला घेऊन मला माझ्या बेटावरसुद्धा कोणी नर्स म्हणून ठेवणार नाही. मी तोंड उघडलं नाही. रुग्ण म्हणायचे, हिचे काळे हात मला लावू नका. तेव्हाही नाही. म्हणून पगार चालू राहिला, म्हणून तू तीन वर्षांचा कोर्स केलास."

"माहीत आहे, मम्मा."

"मग ऐक. उद्या जाऊन त्या खुर्चीत बस. तिथं बसलीस तर शंभर पोरींचं भलं करशील. आज हिच्या एकटीसाठी तोंड उघडलंस, तर ती खुर्ची जाईल, तूही जाशील, आणि पुढची शंभर वर्षं आपल्यातलं कोणी तिथं बसणार नाही. म्हणतील, बघा, एकीला बसवलं होतं."

व्हर्नानं टेबलावरचं मीठ बोटानं एका रेषेत ओढलं.

"अगदी हेच, मम्मा. अगदी याच शब्दांत मी तीन महिने स्वतःला सांगतेय. पटतही होतं. आत्ता तुझ्या तोंडून ऐकलं आणि पटेनासं झालं."

दारावरची घंटा वाजली.

ग्लेनिसनं दार उघडलं असावं, कारण बाहेरच्या खोलीतलं बोलणं एकदम थांबलं. मग लिंटनचा आवाज आला.

"ही इथं काय करतेय?"

"मी बोलावलंय, डॅड," केझाया म्हणाली.

व्हर्ना दारात आली. रुफारो पायपुसण्यावर उभी होती, चौकटीच्या आत एक पाऊल. झिंबाब्वेची, पस्तिशीतली, अंगापिंडानं लहानखुरी. वॉर्डात ती नेहमी निळ्या गणवेशात असायची. आज राखाडी कोटात ओळखू येत नव्हती. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी मऊ होतं. तिनं खोलीभर नजर फिरवली, ती व्हर्नावर आली आणि लगेच पुढे गेली.

"मी फक्त बाळाला बघायला आलेय," ती म्हणाली. "स्वेटर विणलाय. देऊन जाते."

"स्वेटर!" लिंटन उभा राहिला. "माझी पोर तिथं ओरडत होती तेव्हा विणत होतीस की काय?"

"लिंटन," ग्लेनिस म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. पत्र आलंय माझ्याकडे. हे बघ. तू कोणाला काही सांगितलं नाहीस असं लिहिलंय यात."

"पत्रात पुष्कळ काही लिहिलंय, मिस्टर लिबर्ड."

"मग तू सांग. खोटं आहे का हे?"

चर्चहून आलेल्या पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपले कोट शोधायला लागले. ग्लेनिसनं त्यांना अडवलं नाही. तिनंच त्यांच्यामागे दार लावलं. रुफारोनं कोट काढला नव्हता आणि कोणी तिला बसायला सांगितलं नव्हतं.

"मी डॉक्टरांना दोनदा फोन केला," ती म्हणाली. "पहिल्यांदा ते म्हणाले, ऑपरेशन झालंय, दुखणारच. दुसऱ्यांदा म्हणाले, या बायकांना जरा जास्तच आरडाओरडा करायची सवय असते, पॅरासिटामॉल द्या."

"या बायकांना म्हणजे?" ओरिननं विचारलं.

"मी विचारलं नाही. मीही त्यांतलीच."

"दोनदा फोन," लिंटन म्हणाला. "तिसऱ्यांदा का नाही केलास? चौथ्यांदा? मी असतो तर गचांडी धरून खेचत आणलं असतं त्याला."

"तुम्हाला पोलिसांनी नेलं असतं."

"तिसऱ्यांदा काय केलंस ते सांग!"

रुफारो हातातल्या पुडक्याकडे बघत राहिली. "ते माझ्या जबाबात आहे. इथं बोलायला मी आले नाही."

"सोयीचं आहे! अगदी सोयीचं आहे! आमच्यातलीच म्हणून आम्ही तुझ्यावर भरवसा ठेवायचा, आणि तू..."

"लिंटन, तिसऱ्यांदा ती माझ्याकडे आली."

व्हर्नाला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. लिंटन वळला. तोंड अजून अर्धवट उघडं होतं, आणि त्या क्षणी तो अगदी लहानपणच्या लिंटनसारखा दिसला, शाळेतून मार खाऊन आल्यावर आधी धाकट्या बहिणीच्याच खोलीत येणारा.

"तुझ्याकडे कुठं?"

"माझ्याकडे. टेबलापाशी. नाडी, प्रेशर, सगळं सांगितलं तिनं. डॉक्टरशी मी बोलावं म्हणाली."

"मग?"

"मी म्हणाले, थांबू. एक तास बघू."

बाळ झोपेत कुरकुरलं. केझायानं पाय हलवायला सुरुवात केली.

"का?" लिंटन म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

व्हर्नानं या उत्तराची उजळणी किती वेळा केली होती! आता तिनं ती बाजूला ठेवली.

"चौदा वर्षांपूर्वी मी एकदा विचारलं होतं, रात्रपाळ्या सगळ्या आपल्याच मुलींना का लागतात. फक्त विचारलं होतं. माझ्या फायलीत शब्द पडला, आक्रमक. त्यानंतर सहा मुलाखती दिल्या. सहाही वेळा कोणीतरी कानात सांगायचं, व्हर्ना, काम उत्तम आहे, पण स्वभावाचं बघ. त्या दिवशी रुफारो आली, आणि माझ्या डोक्यात आधी हेच आलं. काळ्या नर्सनं काळ्या सिस्टरला सांगितलं, आणि सिस्टरनं स्वतःच्या भाचीसाठी डॉक्टरला धारेवर धरलं. म्हणतील, यांची आपापसातली माणसं. सप्टेंबरात सातवी मुलाखत होती. मला वाटलं, एक तासानं काय बिघडतंय."

"माझ्या पोरीची कूस तुझ्या मुलाखतीपायी गेली," लिंटन म्हणाला.

"हो."

"आणि ती नोकरी तुला मिळाली."

"हो."

"पुरे," यूलाली म्हणाली. ती कधी बाहेर आली ते कोणाला कळलं नव्हतं. भिंतीला धरून उभी होती. "तिला हे मी शिकवलंय. आवाज चढवायचा नाही, मागायचं नाही, बूट स्वच्छ ठेवायचे. बोलायचंय तर मला बोल."

"तुला माहीत होतं, मम्मा?"

"अर्ध्या तासापूर्वी कळलं."

"आणि तू तिला गप्प बसायला सांगितलंस. सांगितलंस ना?"

"सांगितलं." म्हातारीनं हॅट काढली. खाली पांढरे केस दबून चपटे झाले होते. "मी गप्प बसले, तेव्हा कोणी मेलं नाही. मला तसं वाटायचं. आता वाटतं, मी कधी बघायला गेले नाही."

लिंटन तिच्याकडे बघत राहिला, मग रुफारोकडे, मग हातातल्या पत्राकडे. एवढा वेळ ज्या बाजूला तो उभा होता ती बाजूच आता उरली नव्हती.

"मला माहीत होतं," केझाया म्हणाली.

ओरिन दचकला. म्हणजे त्यालाही तिनं सांगितलं नव्हतं.

"ही आत आली आणि म्हणाली, सिस्टर थांबायला सांगतायत. कोण सिस्टर ते म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती. त्या दिवशी वॉर्डात सिस्टर एकच होती. शुद्धीवर आले तेव्हा वाटलं, आंटी येईल आणि सांगेल. आंटी आली, फुलं घेऊन. रडली. सांगितलं नाही. मग वाटलं, चौकशीत सांगेल. मग हे पत्र आलं." तिनं बाळाचं पांघरूण सारखं केलं. "म्हणून हिला आज बोलावलं. दोघींना एका खोलीत बघायचं होतं. आज तू गप्प राहिली असतीस ना आंटी, तर मी तुला या घरात पुन्हा पाऊल ठेवू दिलं नसतं."

"आणि आता?" व्हर्नानं विचारलं.

"आताचं मला माहीत नाही."

रुफारोनं पुडकं टेबलावर ठेवलं.

"मला एक बोलायचंय, सिस्टर. वॉर्डात तुम्ही मला बेटा म्हणायचात. माझ्या डब्यातलं खायचात. आणि तीन महिने मी एकटी त्या चौकशीच्या खोलीत बसायचे, समोर चार माणसं, आणि ती मला विचारायची, सिस्टर लिबर्ड तर म्हणतात तुम्ही आलाच नाहीत, मग आम्ही कोणावर विश्वास ठेवायचा? माझा परवाना गेला तर नोकरी जाते. नोकरी गेली तर साठ दिवसांत देश सोडायचा. माझी मुलं इथल्या शाळेत आहेत. डॉक्टरचा मला राग नाही, त्याच्याकडून मी काही धरूनच चालले नव्हते. तुमच्याकडून धरलं होतं."

व्हर्ना जेवणाच्या टेबलाकडे वळली.

"ओरिन," ती म्हणाली, "तुझा लॅपटॉप आण."

जेवणाच्या टेबलावर ताटं मांडलेली होती. ग्लेनिसनं चार बाजूला सरकवली. व्हर्ना दोन बोटांनी टाइप करत होती, चष्मा नाकाच्या टोकावर. शेजारी 'व्हर्ना, अभिनंदन' लिहिलेला केक होता. ग्लेनिसनं तो उचलून आत नेला. लिंटन बाहेर जाऊन गाडीत बसला. खिडकीतून त्याचं डोकं दिसत होतं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद.

अर्ध्या तासानं व्हर्नानं लॅपटॉप रुफारोकडे वळवला. रुफारोनं उभ्या उभ्याच वाचलं.

"इथं एक चाळीस लिहिलंय. एक बेचाळीस. मी घड्याळ बघितलं होतं."

व्हर्नानं वेळ बदलली.

"'रुग्णाच्या प्रकृतीबाबत चर्चा झाली' असं नका लिहू. चर्चा झाली नाही. मी सांगितलं, तुम्ही नाही म्हणालात."

व्हर्नानं तेही बदललं. एवढ्या वर्षांत असली वाक्यं तिनं किती लिहिली होती, कोणी काही केलं असं न सांगणारी. ती खोडताना प्रत्येक शब्द बोटाला जड लागत होता. जबाब चौकशी समितीला गेला, परवाना मंडळाला गेला, आणि एक प्रत रुफारोला. व्हर्ना पाठवायचं बटण दाबत असताना यूलालीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. थांबवायला की धीर द्यायला, ते व्हर्नाला कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही.

त्या एका पानानं काय काय झालं ते सगळं पुढच्या वर्षभरात झालं. दुसऱ्या दिवशी व्हर्नाला ती खुर्ची मिळाली नाही. फोन आला, 'तूर्त घरीच राहा.' लिफ्टशेजारचं पोस्टर आठवड्याभरात निघालं आणि त्या जागी हात धुण्याची सूचना लागली. रुफारोवरचं प्रकरण मागे घेतलं गेलं. तिनं मात्र त्या वॉर्डात पुन्हा पाऊल ठेवलं नाही, दुसऱ्या शहरात काम धरलं. डॉक्टरला एका प्रशिक्षणाला बसवलं, दोन दिवसांच्या. व्हर्नाची स्वतःची चौकशी अकरा महिने चालली. त्यात तिनं आधीच लिहून दिल्यापेक्षा एक अक्षर कमी-जास्त सांगितलं नाही. शेवटी तिची इन्चार्जची जागा काढून घेतली. नर्स म्हणून तिला राहू दिलं.

त्या रविवारी मात्र यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. रुफारो जेवायला थांबली नाही. ग्लेनिसनं रस्सा डब्यात भरून तिच्या हातात कोंबला आणि ती नको म्हणायच्या आत दार लावून घेतलं. रुफारो फाटकापाशी पोचली तेव्हा लिंटन गाडीतून उतरला. खिडकीतून व्हर्नाला दोघं बोलताना दिसली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. मग लिंटननं गाडीचं मागचं दार उघडून धरलं आणि तिला घरी सोडायला निघाला. या खेपेला गाडी नीट निघाली.

ओरिन आणि ग्लेनिस भांडी आवरायला लागले. यूलाली आरामखुर्चीत डोळे मिटून बसली. झोपली नव्हती. व्हर्नानं आपला कोट शोधला.

"कुठं निघालीस?" केझायानं विचारलं.

"घरी जाते. बसनं जाईन."

"बस इथं."

व्हर्ना सोफ्याच्या कडेवर बसली, कोट मांडीवर. बाळ उठलं होतं. केझायानं त्याला छातीशी घेतलं आणि ते प्यायला लागलं.

"सॉरी म्हणू नकोस," मग ती म्हणाली. "ते ऐकायला आत्ता माझ्या अंगात जोर नाही. मला दुसरं काहीतरी हवंय. 'थांबायला सांगतायत' हे ऐकलं, त्यानंतरचं मला काही आठवत नाही. ओरिन बाळाला तपासणीसाठी घेऊन वरच्या मजल्यावर गेला होता. रुफारोला दुसऱ्या खोलीत बोलावलं होतं. डॉक्टर म्हणतात, अशा वेळी मेंदू सोडून देतो. पण तो तास माझा आहे, आंटी, आणि तो माझ्याकडे नाही. तुझ्याकडे आहे. काय काय झालं ते सांग. क्रमानं. सोडू नकोस काही."

व्हर्नानं कोट बाजूला ठेवला.

"एक बेचाळीसला रुफारो गेली. मी नोंदवही लिहीत होते. लिहिता येईना. पाच नंबरच्या खोलीत एक बाळंतीण होती, पहिलटकरीण, तिच्याकडे गेले. तिचं ठीक चाललं होतं. दोनला परत टेबलापाशी आले. फोन उचलला. डॉक्टरचा नंबर मला पाठ आहे. तीन आकडे दाबले आणि ठेवून दिला."

"मग?"

"मग चहा केला. प्यायले नाही." तिनं बाजूच्या कोटाची बाही सरळ केली. "दोन वाजून दहा मिनिटांनी मी तुझ्या खोलीपर्यंत आले."

केझायाचा पाय हलायचा थांबला.

"हे जबाबात नाही," ती म्हणाली. "मी वाचला."

"नाही. कोणालाच माहीत नाही. दाराला काच आहे ना, तिच्यातून बघितलं. तू डोळे मिटून पडली होतीस, तोंड खिडकीकडे. मला वाटलं, झोपलीय. तुझा रंग नेहमीसारखाच दिसला. नव्या पोरींना मीच शिकवते, आपल्या कातडीवर उतरलेला रंग लांबून दिसत नाही, पापणी उलटून बघायची, तळहात बघायचा, ओठाच्या आत बघायचं. दरवर्षी शिकवते. आणि मी काचेतून बघितलं, नेहमीसारखीच दिसतेय म्हटलं, आणि मागे फिरले."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. यूलालीनं डोळे उघडले होते.

"किती वेळ उभी होतीस?" केझायानं विचारलं.

"अर्धा मिनिट."

"दार बंद होतं?"

"नुसतं लोटलेलं होतं."

केझायानं वर बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. ते पुसायला हात मोकळा नव्हता, आणि व्हर्नाला ते पुसायचा धीर झाला नाही. बाळानं तोंड सोडलं, इकडेतिकडे शोधलं आणि पुन्हा धरलं.

"पुढे सांग," केझाया म्हणाली.

व्हर्नानं सांगितलं.